हिरवा गोल, लाल फुली

३ जून २०१४
डॉक्टर म्हणाले, राग आला की लिहून काढा. बीपीची गोळी वाढवण्यापेक्षा ते बरं. म्हणून साइटवरची एक कोरी वही घरी आणली. ही कुणी वाचणार नाही, त्यामुळे खरं तेच लिहीन.
खरं म्हणजे मी शांत माणूस आहे. हे डॉक्टरांना पटवून देताना टेबलावर हात जरा जोरात पडला. त्यांचा पेपरवेट खाली गेला आणि फुटला. दवाखान्यात काचेचा पेपरवेट ठेवायचाच कशाला?
संकल्प: रोज लिहिणे. आवाज न चढवणे.

४ जून
शांत. लिहिण्यासारखं काही नाही. रोज लिहिण्याची गरज वाटत नाही.

२१ सप्टेंबर २०१४, सकाळी
रागावर कायमचा उपाय सापडला. इंटरनेटवर एक गेम आहे. अंतराळातला. यानं, तोफा, लेझर, धुमश्चक्री. अजून बनलेला नाही. लोकांनी आधी पैसे द्यायचे, त्यातून कंपनी बनवणार. दिले.
माझ्या धंद्यात दिवसभर तोडफोडच असते, पण ती मोजूनमापून. जुनी घरं आतून पाडून देतो आम्ही. मालकांचा नियम आहे: जी भिंत पाडायची तिच्यावर लाल फुली, जी ठेवायची तिच्यावर हिरवा गोल. अकरा वर्षं मुकादम आहे, गोलाच्या एका विटेला धक्का लावलेला नाही. पण माणसाला कधीतरी बेहिशेब फोडावंसं वाटतंच. अंतराळात फुलीही नाही आणि गोलही नाही. सगळा राग तिकडे काढायचा आणि घरात लोण्यासारखं राहायचं, असा बेत आहे.
दोन सीटचं यान घेतलं. कॅप्टन मी. शेजारची सीट पोरीच्या नावावर. ती नऊ वर्षांची आहे. यानाचं नाव 'विध्वंस' ठेवणार होतो. ती माझ्या मांडीवर बसली होती. तिने मध्येच 'बेडूक' टाइप केलं आणि बटण दाबलं. नाव एकदाच देता येतं.
कॅप्टन, यान बेडूक. असो. ती इतकी खूश होती की मलाही हसू आलं.
गेम पुढच्या वर्षी नोव्हेंबरात. बायकोला म्हणालो, फक्त चौदा महिने, मग बघ माझ्यात कसा फरक पडतो. तिने विचारलं, आणि तोवर?
बायकांना प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवय असते.

२० नोव्हेंबर २०१५
गेम आला नाही. कंपनीचं पत्र आलं: दर्जाशी तडजोड करणार नाही, अजून एक वर्ष द्या. मला पटलं. चांगल्या कामाला वेळ लागतो. पत्र पूर्ण वाचलं, शांतपणे कीबोर्ड उचलला आणि भिंतीवर आपटला. कीबोर्ड जुनाच होता.
जेवताना बायकोला एक बटण भाजीत सापडलं. एस्केपचं. तिने ते ताटाच्या कडेला ठेवलं आणि जेवत राहिली.
पोरीने विचारलं, बाबा, बेडूक कधी उडणार? पुढच्या वर्षी, म्हणालो. नक्की? नक्की.

८ डिसेंबर २०१६
पुढे ढकलला. त्याऐवजी व्हिडिओ पाठवलाय. यानातल्या संडासाचं दार कसं उघडतं आणि कसं मिटतं. अकरा मिनिटं. दार मात्र सुंदर मिटतं. अलगद, आवाज नाही.
आमचं बेडरूमचं दार तसं मिटत नाही. मिटवून बघितलं. तीनदा. तिसऱ्यांदा चौकटीसकट हातात आलं. धंद्यातला माणूस आहे, अर्ध्या तासाचं काम. रविवारी बसवतो.

१५ जानेवारी २०१७
बायकोने दाराची आठवण केली. रविवारी, म्हणालो होतो. कुठल्या रविवारी ते म्हणालो नव्हतो.

२ एप्रिल २०१७
घरी आलो तर दार जागेवर! बायकोने सुतार बोलावला होता. घरात मुकादम असताना बाहेरचा सुतार! तो हत्यारं आवरत होता. त्याला मान म्हणून जिन्यापर्यंत सोडायला गेलो. कॉलर धरली होती ती फक्त तोल जाऊ नये म्हणून. तो तीन-तीन पायऱ्या घेत उतरला. पटाशी इथेच विसरला. परत नेईल असं वाटत नाही.
पोरगी जिन्याच्या कोपऱ्यातून बघत होती. सोडायला गेलो होतो असं तिला समजावून सांगितलं.

१९ ऑक्टोबर २०१८
आजचं नीट लिहायला हवं, नाहीतर लोक भलतंच पसरवतील.
साइटवर होतो, चौथा मजला. दुपारी बाराच्या सुमारास फोनवर कंपनीचं पत्र आलं: 'यापुढे आम्ही तारीख सांगणं बंद करत आहोत. तारखांमुळे लोक निराश होतात.'
पायाची आग मस्तकात गेली. म्हणजे गेली असती, पण मी ती कामात वळवली. घण उचलला. समोर भिंत होती. पाच घाव घातले. पाचव्याला घण आरपार गेला आणि पाठोपाठ मी खांद्यापर्यंत.
पलीकडे शेजाऱ्यांचं कुटुंब जेवायला बसलं होतं. आजोबा, आजी, दोन पोरं. टेबलावर विटा, ताटांत सिमेंट. आजोबांचा चमचा तोंडाशी होता तो तिथेच राहिला. कुणीच ओरडलं नाही. मी म्हणालो, चालू द्या तुमचं.
मागून ब्रेकर मशीन चालवणारा म्हणाला, मुकादम, गोल होता.
आता, रंग फिका होता. मालक आले तेव्हा हेच सांगितलं. मालकांनी भिंतीवर उरलेला अर्धा गोल दाखवला. पोपटासारखा हिरवागार होता, हे मान्य. पण तो अर्धा. बाकीचा अर्धा फिका असणार.
ब्रेकरवाला हसला. त्याच्या हेल्मेटवर एक टपली दिली, हातात घण आहे हे लक्षात नव्हतं. हेल्मेटला तडा गेला. तो खाली बसला, दोन मिनिटांनी स्वतःचं नाव बरोबर सांगितलं. म्हणजे काही झालेलं नाही. हेल्मेट निकृष्ट दर्जाचं.
मालकांनी मुकादमकी काढून ब्रेकरवाल्याला दिली. मी आता राडारोडा गोण्यांत भरतो. तात्पुरतं.
घरी पोरीने विचारलं, बेडूक कधी? तेरा वर्षांची झाली तरी विचारते अजून. म्हणालो, तारीख सांगणं बंद केलंय, तारखांमुळे लोक निराश होतात. पत्रातलं वाक्य आहे, बरं वाटलं म्हणायला.

२२ ऑक्टोबर २०१८, संध्याकाळी
माझ्या पिशवीतला हिरवा रंग बायकोने घेतला. टीव्हीवर हिरवा गोल. फ्रिजवर गोल. आरशावर, मिक्सरवर, बेडरूमच्या दारावर दोन्ही अंगांनी गोल. पोरीच्या गिटारवरही. बायको म्हणाली, साइटवरचा नियम तुम्हाला पंधरा वर्षं पाठ होता, आता घरातही तोच.
खूप हसलो. बायकोला विनोदबुद्धी आहे हे इतकी वर्षं माहीत नव्हतं. हसता हसता एक कप फुटला. कपावर गोल नव्हता.

११ मे २०१९
कंपनीचा नवा व्हिडिओ. उशीवर डोकं ठेवल्यावर खळगा कसा पडतो ते. सात मिनिटं. डोकं कॅप्टनचं आहे म्हणे.
शेजारच्या खोलीत पोरगी गिटारवर तेच तीन सूर तासभर वाजवत होती. दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला आत गेलो.
एक गोष्ट स्पष्ट करतो. गिटारवरचा गोल मागच्या बाजूला होता. मला दिसत होती ती पुढची बाजू.
पोरगी रडली नाही. तिने तुकडे माझ्या गोणीत भरले आणि तोंड बांधलं. आम्ही साइटवर मारतो तीच गाठ. हे कधी शिकली कोण जाणे. म्हणालो, गेम आला की बेडकात बसून कुठल्या तरी ग्रहावर तुला याहून मोठी गिटार घेऊ. तिने गोणी माझ्या पायाशी ठेवली आणि दार लावून घेतलं. अलगद. व्हिडिओतल्यासारखं.

१२ मे
संकल्प: गिटार भरून देणे. रविवारी.

३० ऑगस्ट २०२१
आज गेमचा नमुना उघडला! आपलं यान हँगरमध्ये उभं दिसतं. आत बसता येत नाही. भोवती फिरता येतं. सात वर्षांनी बेडूक डोळ्यांनी बघितलं. दोन फेऱ्या मारल्या आणि स्क्रीन काळी झाली. परत चालू केलं. रांगेत एकोणीस हजार लोक पुढे. परत काळी.
बायको काहीतरी सांगायला आली होती. मी उठलो. दार लागलं. हात मध्ये होता. तिचा.
सुताराने फार घट्ट बसवलंय ते दार. मी बसवलं असतं तर असं झालंच नसतं.
मनगटाचं हाड. दवाखान्यात तिने पडले म्हणून सांगितलं. मी मान हलवली. तेच जुने डॉक्टर. पेपरवेट आता लाकडी आहे. त्यांनी तो उचलून त्यांच्या बाजूला ठेवला.

१ सप्टेंबर
पोरीने आईच्या प्लास्टरवर हिरवा गोल काढला. मुलं प्लास्टरवर चित्रं काढतातच. ती सोळा वर्षांची आहे.

४ सप्टेंबर
वही उघडली. बंद केली.

१२ सप्टेंबर
बायको आणि पोरगी मेव्हणीकडे गेल्या. थोडे दिवस. प्लास्टर निघेपर्यंत.

२४ ऑक्टोबर २०२१
प्लास्टर निघालं असेल.

६ फेब्रुवारी २०२२
गेमचा पत्ता नाही आणि कंपनीने नवीन यानं विकायला काढली. राग आला नाही. राग येण्यापलीकडे गेलोय. एक सविस्तर पत्र मात्र लिहिलं. तुमच्या ऑफिसच्या चारही भिंतींवर आत्ताच लाल फुली मारून ठेवा, घण घेऊन येतोय. कुठली भिंत आधी पाडणार, ती कुठल्या अंगाने पडेल, त्या वेळी तिथे कोण बसलेलं असेल, त्याची बरगडी कितवी जाईल. धंद्यातली माहिती असल्यामुळे पत्र दोन पानी झालं. भाषा संयत ठेवली. शेवटी 'आपला शुभचिंतक' लिहिलं.

९ फेब्रुवारी
कंपनीचं उत्तर आलं! आठ वर्षांत पहिल्यांदा माणसाने लिहिलेलं उत्तर. हिंसक धमकीमुळे माझं खातं आजन्म बंद. नियमाप्रमाणे कॅप्टन गेला की यान शेजारच्या सीटवाल्याच्या नावावर जातं. त्यालाही कळवलंय.
म्हणजे बेडूक पोरीचं झालं.
ती माझा फोन उचलत नाही. मेसेज टाकला: अभिनंदन, कॅप्टन. दोन निळ्या खुणा आल्या. बाकी काही आलं नाही.

१७ जुलै २०२३
घरात भांडायला कुणी नाही. पूर्ण शांतता. म्हणजे भांडणं माझ्यामुळे होत नव्हती हे सिद्ध झालं.
मिक्सर फोडला.

३ मार्च २०२४, दुपारी
मेव्हणीच्या घरी गेलो. न कळवता, कारण कळवलं असतं तर नको म्हणाल्या असत्या. काय बोलायचं ते पाठ करून गेलो होतो. तिथल्या दारावर बाहेरून हिरवा गोल. ताजा दिसत होता. दर वर्षी नव्याने देत असाव्यात.
बेल वाजवायला हात वर केला. बघितलं तर मूठ वळलेली. उघडायला गेलो तर बोटं उघडेनात. रागावलेलो नव्हतो. शपथेवर सांगतो, अजिबात रागावलेलो नव्हतो. हात आपला आपणच तसा झाला होता.
जिना उतरून खाली आलो. फार वाईट वाटलं. हे लिहायला हरकत नाही, कुणी वाचत नाही.
येताना बसच्या थांब्यावर एकाने पायावर पाय दिला. त्याला मारलं नाही. त्याच्या छत्रीला मारलं.

४ मार्च
नवा मुकादम, म्हणजे पूर्वीचा ब्रेकरवाला, म्हणाला की तुमच्या हाताला आता गोणीच बरी. चांगला माणूस आहे. डोकं दुखतं म्हणाला, पाऊस यायचा असला की त्याच जागी. त्याला चहा पाजला.

१४ नोव्हेंबर २०२५
आला.
गेम आला! पूर्ण, अख्खा, सगळ्या ग्रहांसकट. अकरा वर्षं. साइटवर फोनवर वाचलं आणि गोणीवर बसलो. डोळ्यांत सिमेंट गेलं.
मला खातं नाही. पण पाहुणा म्हणून दुसऱ्याच्या यानावर जाता येतं. पाहुण्याला हत्यार मिळत नाही, आणि त्याचा पोशाख यानाचा मालक ठरवतो. हरकत नाही.
पोरीला मेसेज केला: गेम आला. बेडकात बसू देशील का?

१६ नोव्हेंबर
उत्तर आलं. 'पुढच्या रविवारी सकाळी साडेदहा.' चार वर्षांत पहिला शब्द. चार शब्द. सतरा वेळा वाचले.
संकल्प: आवाज न चढवणे. नवीन हेडफोन घेणे. काही न फोडणे. तीन संकल्प पुरे.
बेत पक्का आहे. बेडकात शेजारी बसायचं, दोन-चार ग्रह बघायचे, शत्रू आले तर ती तोफ चालवेल, मी शाबास म्हणेन. मग ती आईला सांगेल की बाबा बदलले. महिनाभरात दोघी घरी.

२३ नोव्हेंबर २०२५, दुपारी एक
साडेदहाला आत शिरलो. हँगर हे एवढं मोठं. मध्ये बेडूक. हिरवं, गोल पोटाचं, बाजूवर पांढऱ्या रंगात नाव. आणि त्याखाली, माणसाच्या उंचीचा, हिरवा गोल रंगवलेला. समोर ती अंतराळपोशाखात उभी. वीस वर्षांची. चेहरा काचेआड.
बाळा, म्हणालो.
तिने बंदूक उचलली आणि माझ्या छातीत गोळी घातली.
हेडफोनमध्ये तिचा आवाज आला. दार.
या गेममध्ये मेलं की अंतराळतळाच्या पार दुसऱ्या टोकाला दवाखान्यातल्या खाटेवर जाग येते. तिथून हँगर सात मिनिटं चालत. वाटलं चुकून सुटली असेल गोळी. गेलो.
सुतारकाका, म्हणाली. गोळी डोक्यात.
परत खाट. या वेळी उठताना आरसा दिसला. माझ्या पोशाखावर, पुढून आणि पाठीवर, लाल फुली होती. मालक ठरवतो पोशाख. गोल नाही, फुली. मी पंधरा वर्षं मुकादम होतो, मला सांगायला लागत नाही.
परत गेलो. गिटार. मी सांगायला लागलो की गोल मागच्या बाजूला... वाक्य पूर्ण व्हायच्या आत पडलो. खाटेवरून उठलो, सात मिनिटं चाललो. ही बहाण्याबद्दल वेगळी, म्हणाली, आणि परत गोळी घातली.
ब्रेकरवाल्या काकांचं डोकं. कप. ते हसून टाळलेलं. तुम्ही आईच्या वाढदिवसाला काय केलंत ते. हे वहीतही नाही. शोधलं आत्ता. ती तारीखच नाही.
दर वेळी सात मिनिटं. तिने एकदाही घाई केली नाही. मी पोचेपर्यंत तशीच उभी. नववी खेप होती बहुधा. तिने बंदूक रोखली, पण चालवली नाही. म्हणाली, आईचा हात. कसा मोडला ते सांगा.
दार लागलं, म्हणालो.
ती थांबली. बंदूक तशीच. इकडे माझे दोन्ही हात टेबलावर पालथे होते. मुठी नव्हत्या, बघितलं मी.
म्हणालो, मी आपटलं. हात दिसत होता. मला तिचा हात दिसत होता.
बेडकाचा पंखा कुठेतरी घरघरत होता, अकरा वर्षं काम केलंय त्यांनी त्या आवाजावर. मग तिने गोळी घातली. पण थोडा वेळ लावला. आणि हेडफोनमध्ये तिच्या नाकाचा आवाज आला, लहानपणी सर्दी झाली की यायचा तसा.
खाटेवरून परत आलो तर ती बेडकाच्या शिडीवर बसली होती. पाठ माझ्याकडे. बारा वाजून गेले, आईला बाजारात न्यायचंय म्हणाली. त्या हाताने अजून पिशवी उचलत नाही.
एवढं ती माझ्याशी चार वर्षांत बोलली नव्हती. मी काही फोडलं नाही. हेडफोन शाबूत आहेत.
विचारलं, बेडूक कधी उडणार?
ती म्हणाली, तारीख सांगणं बंद केलंय. तारखांमुळे लोक निराश होतात.
पुढच्या रविवारी साडेदहाला परत बोलावलंय. यादी अजून बरीच बाकी आहे म्हणाली.